मापाची सायकल

बेल्जियमचा एडी मर्क्स १९६९ च्या जुलैत पहिल्यांदा टूर द फ्रान्स जिंकला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. दुसऱ्या क्रमांकावरच्या स्वाराला त्याने जवळजवळ अठरा मिनिटे मागे ठेवले होते. त्या शर्यतीत अठरा मिनिटे म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची पार दाणादाण. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ९ सप्टेंबरला, फ्रान्समधल्या ब्लुआ गावच्या ट्रॅकवर तो पडला. तिथल्या शर्यतीत स्वाराच्या पुढे डर्नी नावाची छोटी मोटरसायकल धावते आणि स्वार तिच्या आडोशाने वेग घेतो. मर्क्सच्या डर्नीचा चालक फर्नां वांब्स्ट या अपघातात ठार झाला. मर्क्सच्या डोक्याला मार बसला आणि कमरेचे हाड जागचे हलले. तो बरा झाला, आणखी चार वेळा टूर जिंकला, १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर जाण्याचा विक्रमही त्याने केला. पण सायकलवर पुन्हा पहिल्यासारखा सुखाने बसला नाही. सीट वर कर, खाली कर, पुढे घे, मागे घे, हे त्याचे कायमचे होऊन बसले. शर्यत ऐन रंगात आलेली असताना पाना काढून सीट हलवणारा मर्क्स बरोबरच्यांच्या ओळखीचा झाला होता.

उत्तमोत्तम मेकॅनिक हाताशी, हव्या त्या मापाची फ्रेम बनवून घेण्याची सोय, आणि तरी सीटची जागा काही सापडेना. सापडणार कशी? बिघाड सीटमध्ये नव्हताच. एका बाजूला किंचित सरकलेले शरीर आणि दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखे यंत्र यांची गाठ पडली होती, आणि तडजोड दर वेळी शरीरालाच करावी लागत होती.

मर्क्सचे उदाहरण टोकाचे, पण आपण सगळेच थोडेफार वाकडे असतो. एक पाय दुसऱ्यापेक्षा काही मिलिमीटर लांब, एक तळवा अधिक सपाट, बसल्या जागी कामाने एका खांद्याला आलेला बाक, कधीतरी पडल्यामुळे एका बाजूने आखडलेली कंबर. चालताना हे खपून जाते. रस्ता उंचसखल असतो, पाऊल प्रत्येक वेळी थोडे वेगळे पडते, भार इकडचा तिकडे होतो. सायकलवर ही मुभा नाही. पेडल ठरलेल्या वर्तुळातच फिरते. मिनिटाला नव्वद फेरे धरले तर तासाला ५,४०० वेळा गुडघा त्याच वाटेने वर येतो आणि खाली जातो. ठरलेल्या मुदतीत लांब पल्ला गाठणाऱ्या रँडोनिअर मंडळींची सर्वांत छोटी स्वारी, बीआरएम, म्हणजे साडेतेरा तासांच्या मुदतीत २०० किलोमीटर. कुणी ती नऊ तासांत उरकली तरी थांबे-उतार वजा जाता चाळीस-पंचेचाळीस हजार फेरे होतात. गुडघा पाच मिलिमीटर बाहेर फाकत असेल तर तो तितक्या वेळा फाकतो. पहिले पन्नास किलोमीटर काहीच कळत नाही. शंभरनंतर कळू लागते. घाटात तर विचारूच नका.

सायकल स्वाराच्या मापाची असावी ही कल्पना नवी नाही. उलट सुरुवातीला दुसरा पर्यायच नव्हता. १८७०-८० च्या दशकांतल्या उंच चाकाच्या सायकलला पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे. चाक जितके मोठे तितका वेग जास्त, पण पाय पोचायला हवा. त्यामुळे गिऱ्हाईक जांघेपासून तळव्यापर्यंतचे माप घेऊनच चाक निवडी. १८८५ मध्ये कव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ले यांनी ‘रोव्हर’ ही जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल आणली आणि चाकाचा पायाच्या लांबीशी असलेला संबंध तुटला. आता सायकली ठरावीक आकारांत, हजारोंनी निघू लागल्या. माप फ्रेमच्या दोन-तीन आकारांपुरते उरले, बाकी सगळे सीटच्या नटावर.

आपल्याकडच्या काळ्या रोडस्टरने ही उणीव बरीच वर्षे जाणवू दिली नाही. ॲटलस, हीरो, हर्क्युलस असो की रॅले, बसण्याची ढब एकच: पाठ ताठ, हँडल जवळ, स्प्रिंगची रुंद सीट, सगळा भार बुडावर. सकाळी कारखान्यात, संध्याकाळी घरी, मध्ये कॅरिअरला दळणाचा डबा. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई तेव्हा ‘माझ्या हाताची करंगळी बधिर होते’ अशी तक्रार घेऊन कुणी सायकलच्या दुकानात गेल्याचे ऐकिवात नाही. वडिलांची चोवीस इंची सायकल दहा वर्षांच्या पोराने दांड्याखालून पाय घालून चालवायची, हीच काय ती मापाची अडचण, आणि तीही पोर वाढले की आपोआप सुटे. गेल्या दीड-दोन दशकांत चित्र पालटले. रोड बाइक आणि हायब्रिड सायकली आल्या, पाठ पुढे झुकली, भार हातांवर आला, आणि चाळिशी-पन्नाशीची माणसे रविवारी पहाटे उठून शंभर किलोमीटर जाऊ लागली. आठवडाभर खुर्चीत आखडलेले शरीर रविवारी सहा तास वाकून बसू लागले तेव्हा फिटिंगची, म्हणजे सायकल स्वाराच्या शरीराप्रमाणे लावून घेण्याची, गरज खऱ्या अर्थाने निर्माण झाली.

फिटिंग म्हटले की बहुतेकांना सीटची उंची आठवते. तसे ते चुकीचे नाही. सुरुवात तिथूनच होते. १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या लाफबरो इथल्या हॅम्ली आणि थॉमस यांनी व्यायामाच्या सायकलवर प्रयोग करून सांगितले की जांघेपासून जमिनीपर्यंतच्या मापाच्या १०९ टक्के इतके अंतर खाली आलेले पेडल आणि सीटचा माथा यांत ठेवावे. पुढे अमेरिकन विजेता ग्रेग लेमाँड याने, फ्रान्समध्ये त्याचे प्रशिक्षक असलेल्या सिरिल गिमार यांच्याकडून घेतलेले सूत्र आपल्या १९८७ च्या पुस्तकातून लोकप्रिय केले: जांघेच्या मापाला ०.८८३ ने गुणा, तेवढे अंतर क्रँकच्या मध्यापासून, म्हणजे पेडलचे दांडे ज्या अक्षावर फिरतात तिथपासून, सीटपर्यंत ठेवा. दोन्ही सूत्रे एकाच माणसाला लावून पाहू. जांघेचे माप ८० सेंटिमीटर. पहिल्या सूत्राने पेडलपासून सीट ८७.२ सेंटिमीटरवर. दुसऱ्याने क्रँकच्या मध्यापासून ७०.६४, त्यात १७ सेंटिमीटरचा क्रँक मिळवला की ८७.६४. फरक जेमतेम साडेचार मिलिमीटरचा. दोन वेगळ्या वाटांनी निघालेले लोक इतक्या जवळ पोचले हे कौतुकाचेच. पण दुसऱ्या सूत्रात क्रँकची लांबी येतच नाही. क्रँक साडेसतरा सेंटिमीटरचा असेल तर पायाला आणखी पाच मिलिमीटर ताणावे लागते. आणि दोन्हींत मांडी लांब की पोटरी, पाऊल किती मोठे, बुटाचा तळ किती जाड, स्वार टाच खाली ठेवून पेडल मारतो की उचलून, यातले काहीही नाही.

म्हणून १९९४ मध्ये होम्स, प्रुइट आणि व्हेलन यांनी लांबीऐवजी कोन धरला. पेडल तळाशी असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. यात माणसाची हाडे ज्या लांबीची आहेत त्या लांबीची राहू देता येतात. १०९ टक्क्यांच्या सूत्राने लावलेली सीट तपासली की अनेकांचा गुडघा या टप्प्याच्या बाहेर जातो, हे नंतरच्या अभ्यासांत दिसून आले आहे. सीट फार खाली असेल तर गुडघा जास्त दुमडतो, वाटीखाली दाब वाढतो आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते. फार वर असेल तर मागच्या बाजूच्या शिरा ताणतात, आणि तळाशी पोचण्यासाठी कंबर आलटून पालटून दोन्हीकडे झुलते. मागून येणाऱ्याला ती झुलताना दिसते. स्वाराला मात्र फक्त पाठ भरून आल्याचे कळते.

आणि इथेच फिटिंगच्या धंद्यातली खरी गोम आहे. दुखते एकीकडे आणि कारण असते भलतीकडे.

समजा, पंचेचाळिशीच्या एक बाई आहेत, उंची पाच फूट एक इंच. नवी रोड बाइक घेऊन वर्ष झाले. तक्रार अशी की तासाभराने दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होते, ब्रेक दाबल्याचेही नीट कळत नाही. दुकानदाराने जेलचे हातमोजे दिले. मग हँडलला जाड टेप गुंडाळून दिली. थोडा फरक पडला, पुन्हा तेच. त्यांना चांगल्या फिटरकडे पाठवले तर तो हातमोज्यांकडे पाहणारही नाही. आधी सायकल बाजूला ठेवून विचारपूस: आठवड्याला किती चालवता, पूर्वी कुठे मोडले-पडले का, दिवसभर कसले काम. मग टेबलावर उताणे झोपवून एकेक पाय सरळ ठेवून उचलायचा. मांडीच्या मागचे स्नायू किती ताणतात ते पाहायचे, कारण हँडल किती खाली परवडेल हे तिथेच ठरते. पायांची लांबी, तळव्याची कमान, मान किती वळते. बुडाची दोन हाडे, ज्यांच्यावर आपण खरे तर बसतो, त्यांच्यातले अंतर मऊ पॅडवर बसवून उठलेल्या ठशांवरून मोजायचे. पाऊण तास गेला तरी सायकलला अजून हात लागलेला नसतो. आलेल्या माणसाला वाटते, हा सायकल कधी बघणार?

मग सायकल ट्रेनरवर चढते. मागचे चाक रोलरला टेकलेले, स्वार जागच्या जागी पेडल मारतो. मांडीच्या वरच्या हाडावर, गुडघ्याच्या बाजूला, घोट्यावर खुणेचे स्टिकर लावलेले. दहा मिनिटे नुसती चालवू द्यायची, कारण पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येक जण फोटोला बसल्यासारखा नीट बसतो. घाम आला की माणूस आपल्या मूळ बसण्यावर येतो.

“मॅडम, तुम्ही दर थोड्या वेळाने मागे सरकून बसताय, लक्षात आलं का?”

“नाही बुवा. सरकते का मी?”

सरकत असतात. सीटचे टोक दोन-तीन अंश खाली झुकलेले आहे. वर्षभरापूर्वी दाब पडतो म्हणून त्यांनीच ते झुकवून घेतले होते. त्यामुळे शरीर सतत पुढे घसरते आणि ते थोपवायला दोन्ही तळहातांचा टेकू लागतो. तळहाताच्या करंगळीकडच्या बुडाशी, मनगटाच्या एका अरुंद खोबणीतून अल्नर नावाचा मज्जातंतू जातो; तासभर त्याच्यावर भार पडला की करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू झोपणारच. डॉक्टरांच्या पुस्तकांत या तक्रारीला सायकलस्वारांच्याच नावाने ओळखतात. पण टोक झुकवण्याची वेळ का आली? कारण सीट अरुंद आहे. बुडाची हाडे तिच्या कडांवर पडतात आणि मधला मऊ भाग दबतो. म्हणजे हाताचे दुखणे सीटच्या रुंदीत होते. रुंद सीट आली, ती सपाट झाली, की हातांवरचा भार आपसूक कमी होतो. हातमोजे राहिले तर राहू देत.

जाता जाता एक सांगायला हवे. बुड दुखते म्हणून जेलचे गुबगुबीत कव्हर सीटवर चढवणे हा आपल्याकडचा हमखास उपाय आहे, आणि तो बहुतेकदा उलटा पडतो. मऊ गादीत हाडे खाली रुततात आणि मधला भाग फुगून वर येतो. दाब नेमका तिथे पडतो जिथे तो मुळीच पडू नये. बाजारापर्यंत जायला कव्हर ठीक. तीन तासांच्या स्वारीला कडक पण योग्य रुंदीची सीटच बरी.

फिटर एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि त्यामागे कारण आहे. सायकलवर कुठलेही माप एकटे बदलत नाही. सीट मागे घेतली की पेडलपासूनचे अंतर वाढते, म्हणजे ती किंचित खालीही घ्यावी लागते. सीट मागे गेली की हँडल लांब पडते, मग हँडलला फ्रेमशी जोडणारा स्टेम आखूड हवा. स्टेम आखूड झाला की सायकल वळणावर जरा चपळ वागते. म्हणून क्रम साधारण पायाकडून हाताकडे जातो: आधी बुटाखालची, पेडलमध्ये अडकणारी क्लीट, मग सीट, शेवटी हँडल. क्लीट काही मिलिमीटर पुढेमागे किंवा एखादा अंश आत-बाहेर वळवली की पाऊल आपल्या स्वाभाविक रोखाने बसते आणि गुडघा सरळ रेषेत वरखाली होऊ लागतो. एक पाय आखूड असेल तर त्या क्लीटखाली पातळ पट्टी घालता येते. प्रत्येक बदलानंतर पुन्हा पाच-दहा मिनिटे पेडल मारायचे. चष्म्याचा नंबर काढताना डॉक्टर काचा बदलत “हे बरं की ते?” विचारतात ना, बरेचसे तसेच. इथे फरक इतकाच की शरीर उत्तर उशिरा देते, आणि कधी कधी खोटेही देते: चुकीच्या बसण्याची सवय झालेल्याला बरोबर बसणे पहिल्यांदा विचित्रच वाटते.

या बाईंच्या सायकलमध्ये आणखी एक गोष्ट निघेल, आणि ती आपल्या देशात जरा जास्तच निघते. क्रँक. लहान फ्रेमच्या सायकललासुद्धा कारखान्यातून बहुधा १७० मिलिमीटरचा क्रँक लागून येतो. सहा फुटी माणसाला जो क्रँक, तोच पाच फुटी बाईला. पेडल वर आले की तिचा गुडघा छातीकडे येतो, कंबर चिमटते, आणि ती जागा करण्यासाठी गुडघा बाहेर फाकवते. ‘क्रँक लांब तर जोर जास्त’ हा समज इतका पक्का आहे की आखूड क्रँक सुचवला तर लोकांना आपला अपमान झाल्यासारखे वाटते. पण २००१ मध्ये अमेरिकेत मार्टिन आणि स्पिर्डुसो यांनी १२० ते २२० मिलिमीटरपर्यंतचे पाच क्रँक लावून कमाल ताकद मोजली, तेव्हा उत्तम आणि वाईट यांच्यात फरक निघाला सुमारे चार टक्क्यांचा; १४५ आणि १७० हे दोन्ही १२० आणि २२० पेक्षा सरस ठरले. २०२४ मध्ये तादेय पोगाचार १६५ मिलिमीटरचा क्रँक घेऊन टूर द फ्रान्स जिंकला आणि त्या वादाची हवाच गेली. पाच फूट एक इंचाच्या बाईंनी १६० किंवा १५५ मागितला तर दुकानदाराने भुवया उंचावू नयेत. मिळेल की नाही, हा प्रश्न वेगळा. आपल्याकडे ते मागवावे लागतात.

आता यंत्रांविषयी. ओळंबा आणि कोनमापक ही जुनी हत्यारे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर गावी ‘रेट्युल’ नावाची पद्धत आली. मनगट, कोपर, खांदा, कंबर, गुडघा, घोटा, टाच आणि पायाचे बोट अशा आठ ठिकाणी दिवे लावायचे आणि स्वार पेडल मारत असताना त्यांची हालचाल तीनही दिशांत टिपायची. २०१२ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने ती विकत घेतली. थांबलेल्या पायाचा कोन आणि फिरत्या पायाचा कोन यांत काही अंशांचा फरक पडतो, कारण फिरताना टाच उचलली जाते. तो फरक या यंत्राने दिसू लागला. सीटवर पसरायची दाबमापक चादर असते, तिच्यावर कुठे किती भार पडतो ते पडद्यावर रंगांत उमटते. हे सगळे उपयोगी आहे. पण पडद्यावरच्या आकड्यांची छापील प्रत हातात ठेवून “झालं” म्हणणारा फिटर आणि टेबलावर पाय उचलून पाहणारा फिटर यांतला निवडायचा झाला तर मी दुसऱ्याकडे जाईन, मग त्याच्याकडे नुसता कोनमापक असला तरी. आकडा गुडघा किती फाकतो ते सांगतो. तो कमरेमुळे फाकतो, पावलामुळे की क्रँकमुळे, हे पाहणाऱ्यालाच ओळखावे लागते.

या क्षेत्रातल्या काही जुन्या नियमांचाही पाया कच्चा आहे. पेडल पुढे आडवे असताना गुडघ्याच्या वाटीतून सोडलेला ओळंबा पेडलच्या अक्षावर पडावा, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. सायकल बनवणारे कीथ बाँट्रेगर यांनी एका लेखात या नियमाची चांगलीच हजेरी घेतली होती. पेडल चालवणारी ताकद गुरुत्वाकर्षणाच्या रेषेकडे बघून ठरत नाही. पाठीवर झोपून चालवायच्या सायकलवर हा ओळंबा भलतीकडेच पडतो, तरी ती चालतेच. शहाणा फिटर हा ओळंबा आजही सोडतो, पण सुरुवातीची खूण म्हणून. सीट पुढे की मागे याचा खरा निकाल तोल देतो: हँडलवरचे हात क्षणभर उचलले तर शरीर पुढे कोसळते की राहते?

फायदा काय, तर सर्वांत आधी दुखणे. गुडघा, पाठ, मान, हात, बुड. दुसरा फायदा फारसा बोलला जात नाही: ताबा. हात भार पेलण्यातून मोकळे झाले की ते सायकल वळवायला आणि ब्रेक लावायला उरतात. लहान पंजाच्या माणसाला ब्रेकचा दांडा लांब पडतो, उतारावर बोटे पोचत नाहीत. बहुतेक दांड्यांना तो जवळ घेण्याचा छोटा स्क्रू असतो, आणि तो वर्षानुवर्षे कुणी फिरवलेला नसतो. खंबाटकी घाट उतरताना या एका स्क्रूची किंमत कळते. वेग मात्र शेवटी येतो. दोन मिलिमीटरने सीट वर केली आणि सायकल पळू लागली असे कुणी सांगितले तर ऐकून सोडून द्यावे. वेग वाढतो तो बहुधा असा की पूर्वी सत्तर किलोमीटरनंतर अंग चोरणारा स्वार आता शंभरापर्यंत सारखा पेडल मारतो.

लांब पल्ल्यावर हा हिशेब फार कडक होतो. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जवळजवळ ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ होते. १९८३ च्या शर्यतीत मायकल शर्मर या स्वाराची मान चालेनाशी झाली. दिवसच्या दिवस वाकून वर बघत राहिल्याने मानेच्या स्नायूंनी हात टेकले, डोके वर उचलेना. हनुवटी टेकवून समोरचा रस्ता बघायची पाळी आली. तेव्हापासून या दुखण्याला शर्मरचेच नाव मिळाले आहे. २०१५ मध्ये नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी दोघांच्या संघातून ही शर्यत पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. इतक्या दिवसांच्या स्वारीत हँडल एक सेंटिमीटर वर घ्यायचे की नाही हा आरामाचा प्रश्न राहत नाही. मान टिकली तर शर्यत टिकते. म्हणून लांब पल्ल्याचे स्वार हँडल उंच ठेवतात, आणि वाऱ्याशी थोडे नुकसान पत्करतात.

तरीही फिटिंग म्हणजे जादूची कांडी नव्हे. २०१० मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी १०९ व्यावसायिक सायकलपटूंना विचारले, तेव्हा मागच्या वर्षभरात पाठ दुखल्याचे ५८ टक्क्यांनी आणि गुडघ्याच्या पुढे दुखल्याचे ३६ टक्क्यांनी सांगितले. या लोकांच्या दिमतीला फिटर, मसाज करणारे, डॉक्टर सगळे असतात. शरीरावर इतका ताण घालायचा म्हटले की काही दुखणी येणारच. महिन्याभरात तीस किलोमीटरवरून दीडशेवर उडी मारलेल्या माणसाचा गुडघा सीटमुळे दुखत नाही, उडीमुळे दुखतो. हे स्पष्ट सांगणारा फिटर प्रामाणिक समजावा. पाठीचे स्नायूच कमकुवत असतील तर हँडल उंच करून वेळ मारून नेता येते, व्यायामाला पर्याय मिळत नाही. आणि भाजी आणायला, मुलाला शाळेत सोडायला सायकल वापरणाऱ्याला हे सगळे करण्याची गरजच नाही. त्याने भिंतीला धरून सीटवर बसावे, टाच पेडलवर ठेवावी, पेडल तळाशी नेल्यावर पाय अगदी सरळ होतो इतकी सीट ठेवावी. मग पावलाच्या चवड्याने पेडल मारले की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप येतो. इतके केले तरी निम्म्या सायकली सुधारतील, कारण आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत या हट्टापायी सीटा हमखास खाली असतात.

फिटिंग करून घेतले तर मापे लिहून घ्यावीत: क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या टोकापासून हँडलपर्यंत, सीटपोस्टवरची खूण. सायकल खोक्यात भरून रेल्वेने न्यायची तर सीट काढावी लागते, आणि परत लावताना ‘अंदाजे इथेच होती’ असे म्हणून चालत नाही. इन्सुलेशन टेपचा एक वेढा पुरतो. नवे बूट घेतले, पेडल बदलले, वजन दहा किलोने उतरले, की एकदा पुन्हा तपासून घ्यावे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत छोटे बदल लागतातच. चांगले फिटर त्यासाठी परत बोलावतात.

मात्र एक गोष्ट कुठल्याच पान्याने सुटत नाही, ती म्हणजे चुकीच्या मापाची फ्रेम. सीट वर-खाली होते, स्टेम आखूड मिळतो, पण फ्रेम दोन मापांनी मोठी असेल तर हँडल जवळ आणायला काही मर्यादा आहे. दुकानात ‘एम’ संपलेला असतो, ‘एल’ सवलतीत असतो, आणि “स्टेम बदलून देतो, काळजी करू नका” हे वाक्य तयार असते. शिवाय एका कंपनीचा ‘एम’ दुसरीच्या ‘एम’इतका नसतो. म्हणून पैसे मोजण्याआधीच फिटरकडे जाऊन यावे. काहींकडे मागे-पुढे, वर-खाली करता येणारी मापाची सायकल असते. तिच्यावर बसवून फिटर दोन आकडे काढून देतो, क्रँकच्या मध्यापासून फ्रेमचे पुढचे टोक किती उंच आणि किती पुढे असावे. जवळपास प्रत्येक कंपनी आपल्या प्रत्येक आकाराचे हे दोन आकडे छापते. ते मोबाइलमध्ये लिहून घ्यावेत आणि मगच दुकानाची पायरी चढावी.